तक्रारीचा रविवार

विद्यार्थ्यांची देशोदेशी अदलाबदल करणाऱ्या संस्थेच्या बाईंना सोमवारी सकाळी उत्तर द्यायचं होतं, आणि रविवारचं जेवण निम्मं होत आलं तरी माईने विषय काढला नव्हता.

"बबी येऊ दे, मग बोलू," असं ती आठवडाभर सगळ्यांना सांगत आली होती. आता बबी आली होती, समोर बसली होती, पाव मोडून खात होती, आणि माई मात्र बटाट्यांचं भांडं उगाच इकडून तिकडे सरकवत होती. वास्तविक ही बाई तोंडाची फटकळ. लॉन्ड्रीच्या काउंटरवर तिचं सगळं आयुष्य गेलेलं. भल्याभल्यांचा कोट उजेडात धरून "हा डाग तुम्ही आणलाय, आणि हा निघायचा नाही," असं तोंडावर सांगायला तिने कधी मागेपुढे पाहिलं नाही. पण पोटच्या पोरीसमोर तिची बोलती बंद झाली होती.

रविवारी खालचं दुकान बंद. इस्त्रीची यंत्रं गार पडलेली, बॉयलर गप्प, आणि तरी वरच्या घरात साबणाचा, वाफेचा आणि खळीचा वास होताच. तो आता भिंतींतच मुरला होता. टेबलाभोवती माणसं मोजकीच: दुकान सांभाळणारा थोरला, त्याची बायको, त्यांची कॉलेजात जाणारी चिमणी आणि बबी. बबी म्हणजे थोरल्याच्या पाठची. शाळेत भूगोल शिकवते, मुलगा हॉस्टेलला गेलाय, केसांत पांढरं दिसायला लागलंय. पण या घराचा जिना चढली की तिची पुन्हा बबीच होते.

जेवता जेवता बबीने खुर्चीमागून एक पिशवी काढून चिमणीच्या मांडीवर ठेवली. आत खांद्याला अडकवायची नवी कोरी बॅग होती, कप्प्याकप्प्यांची.

"प्रवासात कामाला येईल," ती म्हणाली. "पासपोर्ट आतल्या कप्प्यात ठेवायचा. आणि चेनची बाजू अंगाकडे, बाहेर नाही."

"मस्त आहे गं आत्या! पण मी कुठे चाललेय?"

"कुठे म्हणजे? दादाच म्हणाला फोनवर, संस्थेच्या बाई आल्या होत्या. इतकी वर्षं आपण त्यांची मुलं ठेवून घेतली, आता आपल्या घरातल्या एकाला पाठवतायत."

"हो, आल्या होत्या."

"मग?"

चिमणीने आजीकडे पाहिलं. आजीने बटाट्यांकडे पाहिलं. थोरल्याने भला मोठा घास तोंडात कोंबला, म्हणजे बोलायला नको.

"आजी चाललीये," चिमणी म्हणाली.

बबी खळखळून हसली. बाकी कुणी हसलं नाही, तेव्हा तिचं हसू हळूहळू आटलं.

"कुठली आजी?"

"आपल्याकडे काय आज्यांचं दुकान आहे का? ही!"

"मोठ्या माणसांचीही तुकडी काढलीये त्यांनी," सून मदतीला धावली. "सहा महिन्यांची. लांब्याच्या गावी कापड रंगवायची शाळा आहे, त्याची बायकोच शिकवते तिथे. राहायचंही त्यांच्याच घरी. माईंचं नाव लांब्यानेच सुचवलं म्हणे."

आता गप्प राहणं शक्य नव्हतं. माईने भांडं खाली ठेवलं.

"जन्मभर लोकांचे डाग काढले," ती म्हणाली. "म्हटलं, एकदा पाडायला शिकावं."

एरवी या वाक्याला बबीने टाळी दिली असती. आज तिने नुसती मान हलवली, आणि ती मान कशासाठी हलली ते माईला कळलं नाही.

थोरल्याचा घास एव्हाना संपला होता. "बबे, तूच सांग हिला. या वयात दप्तर घेऊन वर्गात बसणार! तिथली भाषा येत नाही, गुडघे कुरकुरतात. आणि इथे काउंटर कुणी बघायचं? कॉलरवरचा डाग तेलाचा की शाईचा हे हिच्याशिवाय कळतं कुणाला?"

"मला कळतं," सून म्हणाली.

"तुला कळतं?"

"इतकी वर्षं शेजारी उभी राहून काय माशा मारत होते का मी? त्यांनी जावं. सगळ्या जगाच्या पोरांची उस्तवार केली, आता कुणीतरी त्यांची करू दे."

"तुझं काय, तुला बरंच आहे! सासू सहा महिने नजरेआड."

सुनेने चमचा खाडकन ताटात ठेवला. "बरंच आहे? डाग माझ्या गळ्यात, रफू माझ्या गळ्यात, भांडकुदळ गिऱ्हाइकं माझ्या गळ्यात, आणि तरी मी म्हणतेय जावं त्यांनी. तुझ्या आईसाठी तू बोलायचं सोडून मी बोलतेय, आणि वर हे ऐकायचं?"

"बाबा, चूक कबूल कर," चिमणी म्हणाली.

"तू जेव गं."

माईला सुनेकडे बघवेना. हिला आपण लग्न होऊन आल्यावर पहिली दोन वर्षं इस्त्रीला हातसुद्धा लावू दिला नव्हता, आणि आज हीच आपल्या बाजूने भांडतेय. डोळे भरून आले, म्हणून तिने उठून चहाचं पाणी ठेवलं.

चहासोबत लांब्याचा विषय निघाला आणि टेबल जरा सैलावलं. लांब्याचा विषय निघाला की या घरात सगळेच सैलावत.

लांब्या हा या घरातला पहिला विद्यार्थी. परदेशातून आलेला, इतका उंच की बॉयलरवरच्या खोलीत शिरताना रोज चौकटीवर डोकं आपटायचा आणि रोज चौकटीचीच माफी मागायचा. ती खोली घरातली सगळ्यात उबदार, खाली बॉयलर असल्यामुळे. ती होती बबीची. पण पाहुण्याला चांगली खोली द्यायची म्हटल्यावर बबीची कॉट पॅसेजमध्ये गेली, गिऱ्हाइकांनी न नेलेल्या कोटांच्या रांगेखाली. लांब्या गेला, दुसरा आला, तिसरी आली, आणि कॉट तिथेच राहिली.

लांब्या इतका सभ्य की बोलायची सोय नाही. माई त्याला रोज सकाळी उकडलेली अंडी द्यायची, तो रोज "फार छान" म्हणून खायचा. महिनाभराने एका सकाळी त्याला भडभडून ओकारी झाली, तेव्हा कुठे कळलं की बिचाऱ्याला लहानपणापासून अंड्याचा वासही सहन होत नाही. माईने कपाळावर हात मारून घेतला. त्याच आठवड्यात तिने घरात एक कायदा केला. विद्यार्थी आला की पहिल्या महिन्याच्या शेवटच्या रविवारी, जेवणानंतर, त्याला माईच्या नवऱ्याच्या, म्हणजे बाबांच्या, खुर्चीत बसवायचं, आणि त्याने या घराबद्दल एक तक्रार करायची. करायचीच. "सगळं छान आहे" चालणार नाही. आणि तो बोलत असताना घरच्यांनी अवाक्षर काढायचं नाही. कारण सांगायचं नाही, सबब सांगायची नाही, "अरे पण" नाही. तक्रार ऐकायची आणि पुढच्या रविवारच्या आत दुरुस्त करायची.

"आठवतं, बाबांनी चौकटीला गादी ठोकली होती?" थोरला म्हणाला. "इस्त्रीच्या टेबलाची जुनी गादी! लांब्या म्हणाला, आता डोकं आपटलं की झोप येते."

"आणि ती गाणारी," बबी म्हणाली. तिला नको असतानाही हसू येत होतं. "ती खुर्चीत बसून काय म्हणाली? 'मी आले की तुम्ही सगळे भांडायचं थांबवता. मला फार परकं वाटतं.'"

"मग त्याच रविवारी बाबा आणि मी तिच्यासमोर पाण्याच्या बिलावरून भांडलो," माई म्हणाली. "खोटं खोटं सुरू केलं आणि खरंच जुंपली. दोन दिवस अबोला होता."

"ती मात्र खूश होती!" थोरला मांडीवर थाप मारून म्हणाला.

"कोबीची तक्रार सगळ्यांत भारी," बबी म्हणाली.

कोबी म्हणजे आल्या आल्या पहिला आठवडा फक्त कोबी खाऊन राहिलेली मुलगी. बबीच्याच वयाची. तिची तक्रार अशी की या घरात तिचे मोजेसुद्धा इस्त्री करून मिळतात, जीन्सला कडक घडी पडते, आणि वर्गात सगळे तिला साहेब म्हणतात. बाबा खालमानेने ऐकत राहिले होते, कारण मोजे तेच इस्त्री करायचे. कोबीची आणि बबीची अशी गट्टी जमली होती की दोघी एकाच कॉटवर कोटांखाली गप्पा मारत पडायच्या आणि उबदार खोली रिकामी राहायची. कोबी परत गेली तेव्हा ठरलं होतं की पुढच्या वर्षी बबीने तिच्याकडे जायचं. बबीची निवडही झाली होती.

इथे आल्यावर टेबलावरचं हसू थांबलं. पुढचं सगळ्यांना ठाऊक होतं आणि ते कुणीच कधी बोलत नसे. बबी गेली नव्हती.

सुनेने कप गोळा करता करता खाली बघून उरलेली गोष्ट सांगून टाकली. अदलाबदल म्हटली की दोन्हीकडून माणूस हवं. माई तिकडे गेली तर तिकडची एक बाई इथे येणार, आणि तिची जबाबदारी घेणारं कुणीतरी घरात हवं. थोरला आणि ती दिवसभर खाली दुकानात, चिमणीच्या परीक्षा. संस्थेच्या बाईंनी स्पष्टच सांगितलं होतं: असं माणूस असेल तर सोमवारी कळवा, नसेल तर जागा दुसऱ्या घराला जाईल.

"तुझी शाळा दुपारी सुटते," सून म्हणाली. "भावजींशी मी बोलेन हवं तर. शनिवार-रविवार तू घरी जाशील."

बबीने टेबलावरचा पावाचा चुरा बोटाने एका जागी गोळा केला.

"म्हणजे माईने जायचं, आणि मी इथे येऊन पाहुणी सांभाळायची."

"सहा महिन्यांचा तर प्रश्न आहे गं."

"नाही," बबी म्हणाली. "मला जमणार नाही."

"बघ!" थोरला माईकडे वळून म्हणाला, पण त्याच्या आवाजात जिंकल्याचा आनंद नव्हता. बहीण आपल्या बाजूने आली, आणि का आली ते त्यालाही कळलं असावं.

माईने स्वतःला बजावलं की हेच होणार होतं, आपण आठवडाभर हे ओळखून होतो, आता वाईट वाटून घ्यायचं नाही. आणि तरी तिला इतकं वाईट वाटलं की तिची तिलाच लाज वाटली. गेले काही दिवस ती दुकान बंद झाल्यावर रंगांच्या वाटीत रुमालाचं टोक बुडवून बघत होती. निळा कसा वर चढतो, पिवळ्यात मिसळून हिरवा कसा होतो. साठी उलटलेल्या बाईला कशाची तरी इतकी हौस वाटावी हे तिला स्वतःलाच नवीन होतं.

"आत्या," चिमणी मध्येच म्हणाली, "तू त्या खुर्चीत कधी बसलीस?"

"ती पाहुण्यांसाठी होती."

"म्हणजे तू या घरात कधीच तक्रार केली नाहीस?"

"घरच्यांसाठी नव्हता तो कायदा."

पोरीने सहज विचारलं होतं. पण माईने मान वर केली. खरंच की. जगाच्या पाठीवरून आलेल्या पोरांना तिने खुर्चीत बसवून विचारलं, आणि आपल्या पोरीला पॅसेजमध्ये झोपवून कधी विचारलं नाही. ही साधी गोष्ट इतक्या वर्षांत तिच्या डोक्यात आली नव्हती. ती उठली, भिंतीकडची बाबांची खुर्ची दोन्ही हातांनी ओढत टेबलापाशी आणली आणि तिच्यावरची धूळ पदराने पुसली.

"बस," ती म्हणाली.

"काहीतरीच काय, माई."

"बस म्हणते ना. आज रविवारच आहे."

"आता काय उपयोग?"

"उपयोगाचं नंतर बघू. तू बोल. आम्ही कुणी मध्ये बोलणार नाही."

बबी बसली. आधी अवघडून, कडेला. मग हळूहळू मागे टेकली. वर्गात शिकवताना तिचा आवाज खणखणीत असेल, पण आत्ता तो अगदी बारीक निघाला.

"खोलीचं मला काही नव्हतं," ती म्हणाली. "म्हणजे होतं. तू प्रत्येकाला विचारायचीस, थंडी वाजते का, पांघरूण पुरतं का. पॅसेजच्या खिडकीतून वारा यायचा. मी एक एक कोट काढून अंगावर घ्यायचे, आणि सकाळी तुला कळायच्या आत परत टांगायचे. मला नाही कधी विचारलंस."

माई ऐकत होती. अरे पण, असं तिच्या ओठांवर आलं आणि तिने ते गिळलं.

"आणि मग माझी निवड झाली. कपडे शिवून झाले होते. कोबीने तिच्या खोलीतला अर्धा भाग माझ्यासाठी रिकामा केला होता. आणि जायला आठवडा राहिला असताना मी शाळेतून आले, तर तू काउंटरवर पावती फाडत होतीस. पावती फाडता फाडता म्हणालीस, 'बबे, जायचं रद्द. दुकानात माणूस कमी पडतं.' वर मान करूनसुद्धा पाहिलं नाहीस माझ्याकडे. गिऱ्हाईक उभं होतं, त्याला सुटे दिलेस." बबी पुढे वाकली. "लोकांच्या कॉलरींसाठी मला ठेवून घेतलंस तू."

"अगं, पण माईंनी—" सून बोलायला गेली. माईने हात वर केला.

"माणूस कमी कसं?" थोरला एकदम म्हणाला. त्याच्या कपाळावर आठी पडली होती. "मी होतो की तेव्हा दुकानात. मी म्हणालो होतो, मी दोन्ही पाळ्या करतो, जाऊ दे तिला. मग—"

"थोरल्या, गप्प बस." माईचा आवाज इतका चढला की चिमणी दचकली. "कायदा म्हणजे कायदा. कुणी बोलायचं नाही."

"बघ," बबी म्हणाली, आणि तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहायला लागलं. "दादापण होता. म्हणजे गरजही नव्हती. तरी तू नाही पाठवलंस."

माई मान खाली घालून बसली. तिच्याजवळ उत्तर होतं. इतकी वर्षं होतं.

ते असं होतं. जायच्या आठवडाभर आधीच्या त्या दुपारी बाबा खाली बॉयलरपाशी पालथ्या टबावर बसले होते, बबीचा नवा शिवलेला फ्रॉक मांडीवर घेऊन. इस्त्रीला आणला होता आणि इस्त्री केलीच नव्हती. माई बोलवायला गेली तर हा धिप्पाड माणूस लहान मुलासारखा रडत होता. त्यांचा सख्खा भाऊ असाच शिकायला म्हणून गेला होता आणि पुन्हा कधी परतला नव्हता. "तिला पाठवू नकोस," ते म्हणाले. "ती गेली तर मला हे घर खायला उठेल. मी मरेन गं." माईने समजावलं, चिडली, भांडली. ते ऐकेनात. आणि वर म्हणाले, "पण मी अडवलं हे तिला कळू देऊ नकोस. तू अडवलंस म्हण. तुझ्यावर रागावली तर ती दोन दिवस रुसेल. माझ्यावर रुसली तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू?" म्हणून तिने काउंटरवर पावती फाडता फाडता सांगितलं. वर पाहिलं असतं तर खोटं बोलता आलं नसतं. पुढे कितीतरी दिवस बाबांच्या शर्टांना खळ जरा जास्तच पडत होती, मान काचली तरी ते हूं की चूं करत नसत. आणि बबीचा रुसवा दोन दिवसांत गेला नाही. तो गेलाच नाही. ती बाबांच्या जास्त जवळ गेली. ते आजारी पडले तेव्हा शाळा सुटली की धावत यायची, त्यांना आपल्या हाताने भरवायची. ते गेल्यावर त्यांच्या मनगटावरचं घड्याळ आता तिच्या मनगटावर होतं, ढगळ, दोन भोकं जास्तीची पाडून घट्ट केलेलं.

आत्ता तोंड उघडायचा अवकाश होता. बबी धावत येऊन गळ्यात पडली असती. थोरल्याच्या मनातलं कोडं सुटलं असतं. आणि त्या मनगटावरच्या घड्याळाचं काय झालं असतं, ते माईला बघायचं नव्हतं. कायदा आपणच केला ते बरं झालं, असं तिला वाटलं.

"संपली तक्रार," बबी म्हणाली आणि ओढणीने नाक पुसलं.

आता बोलायला हरकत नव्हती. "पुढच्या रविवारच्या आत दुरुस्ती करायची असते," माई म्हणाली. "सांग, काय करू? म्हणत असशील तर उद्या बाईंना नाही म्हणते. ते सोपं आहे. मला काही वाटणार नाही."

"वाटेल," चिमणी म्हणाली. "खाली निळ्या रुमालांची रास पडलीये."

"तू चूप गं."

बबी आपल्या आईकडे बघत होती. आता बघितलं तेव्हा तिला बहुधा दिसलं, की काउंटरवर ताठ उभी राहणारी ही बाई बसल्यावर फार लहान दिसते. तिने माईच्या नखांकडे पाहिलं. नखांच्या कडा निळ्या झाल्या होत्या, घासूनही गेल्या नव्हत्या.

"डाग काढता येत नाही वाटतं तुला," बबी म्हणाली.

"हा नाही निघत."

बबी उठली. खुर्ची तिने स्वतःच भिंतीकडे सरकवली, आणि पाठमोरी असतानाच म्हणाली, "मी येते राहायला. पण माझी अट आहे. बॉयलरवरची खोली माझी. सहा महिने. पाहुणी बिहुणी मला सांगायची नाही."

"मग ती बाई कुठे झोपणार?" थोरल्याने विचारलं.

"कोटांखाली."

"अगं, परदेशातून आलेली बाई, पॅसेजमध्ये?"

"महिन्याने तक्रार करेल की," बबी म्हणाली. "मग करू दुरुस्त."

सुनेला आधी हसू फुटलं, मग चिमणीला, मग थोरल्याला. माई हसली आणि रडलीही, आणि यातलं काय चाललंय ते लपवायचा प्रयत्न तिने केला नाही. "जा मग, जा," थोरला डोळे पुसत पुटपुटला. "कॉलरींचं मी बघतो. चुकलं तर गिऱ्हाईक मारेल मला, तेवढंच ना." आणि जरा घोटाळून बायकोला म्हणाला, "मघाशी मी बोललो ते..." सून म्हणाली, "तुझी तक्रार मी पुढच्या रविवारी करते, तयार राहा."

भांडी आवरून झाल्यावर मायलेकी बॉयलरवरच्या खोलीत गेल्या. खोली बरेच दिवस बंद होती. माईने खिडकी उघडली. समोरच्या औषधांच्या दुकानाची पाटी, बसथांबा, थांब्यावर पेंगणारा म्हातारा, सगळं जिथल्या तिथे होतं. बबीने गादी उलटी केली आणि दोघी मिळून चादर घालायला लागल्या. माईने एक कोपरा धरला, बबीने दुसरा, आणि सवयीने दोघींनी ती अशी ताणली की एक सुरकुती राहिली नाही.

"तिथे गेल्यावर त्यांचे कपडे इस्त्री करत बसू नकोस," बबी म्हणाली. "आणि पहाटे उठून त्यांचं स्वयंपाकघर ताब्यात घेऊ नकोस. तू पाहुणी आहेस. बसून राहायचं."

"बसून राहायचं? मला नाही जमणार बाई."

"शिकायला चाललीस ना? मग हेही शीक. आणि लांब्याने विचारलं तर एक तरी तक्रार कर. तो विचारणारच."

"त्याने अंडी दिली तर करते."

दोघी हसल्या. खाली थोरला आणि सून बारीक आवाजात कशावरून तरी वाद घालत होते, चिमणी जिन्यात फोनवर मैत्रिणीला "अगं माझी आजी" असं काहीतरी ओरडून सांगत होती. बबी पलंगाच्या कडेला बसली आणि तिने हात मागे टेकले. लहानपणी बसायची तशी. तक्रार करून टाकल्यावर माणसाचा चेहरा जसा हलका होतो, तसा तिचा झाला होता. माईने असा चेहरा या खोलीत पुष्कळ परक्या पोरांचा पाहिला होता. आपल्या पोरीचा आज पहिल्यांदा पाहत होती.

"मी आता रागावलेली नाही हं तुझ्यावर," बबी म्हणाली. "बोलले, संपलं. दुकान वाढत होतं, तुझ्यावर सगळा भार होता, मला कळतं ते. फक्त..." ती मनगटावरचं घड्याळ वरखाली सरकवत राहिली. "बाबांच्या हातात असतं तर त्यांनी मला पाठवलं असतं. नाही?"

माई उशीला अभ्रा घालत होती. उशीचा कोपरा अभ्र्याच्या कोपऱ्यात नीट बसेपर्यंत तिने तो आतून दाबला.

"हो गं," ती म्हणाली. "तुझी बॅगसुद्धा त्यांनीच उचलली असती."

"मला माहीतच होतं," बबी म्हणाली.